कोऱ्या जागेचा अभ्यास

मी नोकरीभर न कळणाऱ्या कविता शिकवल्या. निरोपसमारंभात मी हे बोलले तेव्हा प्राचार्यांना वाटलं, मॅडम विनोद करताहेत. त्यांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. मी मात्र खरं तेच सांगत होते. तळोद्याच्या कॉलेजात मराठीची प्राध्यापक म्हणून मी जे काही केलं, त्यात व्याकरण होतं, संतकाव्य होतं, पेपर तपासणं तर होतंच. पण ज्याच्यासाठी सकाळी उठून जावंसं वाटायचं ते काम हेच. गेल्या शतकाच्या शेवटच्या दोन-तीन दशकांत आपल्याकडे जी प्रयोगशील, उत्तर-आधुनिक म्हणवणारी कविता लिहिली गेली, तिचा अभ्यास.

उत्तर-आधुनिक या शब्दाला घाबरू नका. मी स्वतः घाबरले होते, म्हणून सांगते. आधीच्या कवितेत एक माणूस बोलत असे. तो दुःखी असो, चिडलेला असो, आवाज त्याचा एकट्याचा. या कवितेला त्या एका आवाजावर भरवसा नव्हता. सातपुड्यातल्या मोलगीच्या बाजारात दुपारी मधोमध उभं राहा. एकीकडे मिरचीचा भाव, एकीकडे मोबाइलचं गाणं, कोणी भिलीत हाक मारतंय, कोणी गुजरातीत घासाघीस करतंय, जीपवाला शेवटच्या सीटसाठी ओरडतोय. हे सगळं जसंच्या तसं कागदावर ठेवलं, कोणाचाच आवाज दुसऱ्यापेक्षा मोठा केला नाही, की जे होईल ते या कवितेच्या जवळचं. त्यात जाहिरात असते, सरकारी नोटीस असते, शिवी असते. शब्द पानभर पांगलेले असतात. काही ठिकाणी पान कोरंच असतं.

या कविता निघायच्या त्या पातळ अनियतकालिकांतून. काही सायक्लोस्टाइल केलेली, काही मिळेल त्या कागदावर छापलेली. दुसरा अंक निघेलच याची खात्री संपादकालाही नसायची. त्यातला एक अंक मला एम.ए.ला असताना धुळ्याच्या रद्दीच्या दुकानात मिळाला आणि मी तो म्हसावदला घरी घेऊन गेले. आमची शेती तिथली, केळी आणि पपईची. आबा, म्हणजे माझे वडील, ओट्यावर बसले होते. मी अंक उघडून वाचत होते. त्यांनी मान वाकडी करून पानाकडे पाहिलं आणि अहिराणीत विचारलं,

"हाई काय शे व बाई?"

"कविता शे, आबा."

त्यांनी चष्मा चढवला. पानाच्या उजव्या कडेला गावांची नावं होती, एकाखाली एक. मधेच फेरीवाल्याची आरोळी, मधेच कोणी हरवल्याची सूचना. डावीकडचं पान अख्खं कोरं. अगदी तळाला एकच शब्द, 'थांबा'.

"कविता कसानी? हाई त् एस.टी.नी पाटी शे," आबा म्हणाले. मग पुन्हा पाहून, "पन गाडी कोनती, ते लिखेल नही."

मला हसू आलं, पण ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. पाटी म्हणून वाचली तर ती पाटी होती, कविता म्हणून वाचली तर कविता. मग नक्की काय बदललं? मी ठरवलं, पीएच.डी. यावरच करायची.

ठरवणं सोपं होतं. आमचे सर, म्हणजे माझे मार्गदर्शक, धुळ्याचे. विद्वान, प्रेमळ आणि हट्टी. त्यांनी माझा विषय ऐकला आणि पानाचा डबा बंद केला.

"पाटीलबाई, तुम्ही सातपुड्याच्या पायथ्याशी राहता. लोकगीतांची खाण आहे तुमच्या दारात. आणि तुम्ही मुंबईच्या पोरांचे फाटके अंक घेऊन आलात?"

"सर, खाणीवर बरेच जण काम करताहेत."

"मग यावर का कोणी करत नाही, याचा विचार केलात? कारण यात काही नाही."

"काही नाही हे दाखवायला तरी कोणीतरी वाचायला पाहिजे ना, सर."

सर हसले नाहीत. महिनाभराने त्यांचा निरोप आला की या. गेले, तर त्यांनी तो अंक पेन्सिलीने खुणा करून वाचलेला. म्हणाले, "मला अजून यात काही दिसत नाही. पण तुम्हाला काय दिसतं ते मला बघायचंय." मार्गदर्शकाने विद्यार्थ्याला यापेक्षा जास्त काही द्यायचं नसतं, हे मला पुढे स्वतः मार्गदर्शक झाल्यावर कळलं.

प्रबंध लिहायला वर्षं गेली. सुट्टी मिळाली की मी मुंबई, पुणे, औरंगाबाद करत अंक गोळा करायची. कवींना भेटायची. काही जण बँकेत होते, काही जाहिरात कंपनीत, एक जण कविता सोडून शेअरबाजारात गेला होता आणि जुना विषय काढल्यावर लाजला. पण खरी परीक्षा पुढेच होती. प्रबंध टाइप करायचा होता.

नंदुरबारला कोर्टाजवळ देविदासभाऊंचं टायपिंगचं दुकान होतं. पंचक्रोशीत त्यांच्याइतकं स्वच्छ टायपिंग कोणी करत नसे. अर्ज, खरेदीखत, प्रतिज्ञापत्र, एक खाडाखोड नाही. मी विश्वासाने हस्तलिखित त्यांच्या हाती दिलं. ठरलेल्या दिवशी गेले, तर त्यांनी गठ्ठा समोर ठेवला आणि हात पुसत उभे राहिले. चेहऱ्यावर समाधान.

मी पहिलं प्रकरण चाळलं. सुरेख. दुसरं प्रकरण उघडलं आणि मी भराभर पानं उलटू लागले. जिथे जिथे मी कविता उद्धृत केल्या होत्या, तिथे तिथे देविदासभाऊंनी त्या नीट केल्या होत्या. पांगलेले शब्द एका ओळीत आणले होते. तोडलेले शब्द जोडले होते. कोऱ्या जागा भरून काढल्या होत्या. ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं होतं. प्रत्येक ओळीच्या शेवटी पूर्णविराम दिला होता.

"देविदासभाऊ, हे काय केलंत?"

"मॅडम, तुमना कवीस्ले समास सोडता येत नही," ते म्हणाले. आवाजात माझ्याबद्दल काळजी होती. "आसं जर युनिव्हर्सिटीमा गयं आस्तं, तर नाव मन्हं खराब व्हतं."

मी खुर्चीत बसले. रडू येत होतं आणि हसूही. प्रबंध जमा करायची तारीख तोंडावर आलेली. मी त्यांना मूळ अंक दाखवला. म्हटलं, भाऊ, हा माणूस मुद्दाम असं लिहितो. ही चूक नाही. ही मोकळी जागा त्याने मोजून सोडली आहे.

देविदासभाऊंना हे पटेना. मुद्दाम कोण चुकेल? त्यांनी आयुष्यभर माणसांच्या चुका काढून पोट भरलं होतं. मी म्हटलं, तुम्ही नुसतं एक पान माझ्यासमोर टाइप करा, मूळ जसं आहे तसं. ते नाखुशीने बसले. ती कविता अशी होती की त्यात अक्षरं एकीकडे आणि त्यांच्या काना-मात्रा दुसरीकडे पडल्या होत्या, जणू वाऱ्याने छपरावरची कौलं उडाली. मराठी टाइपरायटरवर बरीचशी अक्षरं अर्धी उमटतात आणि काना मारला की पुरी होतात. देविदासभाऊंचं बोट सवयीने कान्याकडे जायचं. मी म्हणायची, "नको." ते बोट मागे घ्यायचे. रोलर अर्धा फिरवायचा, कागद तिरपा करायचा, पट्टीने अंतर मोजायचं. अर्ध्या पानाला त्यांना घाम फुटला. पान काढून त्यांनी उजेडात धरलं, मूळ अंकाशेजारी ठेवलं. दोन्ही तंतोतंत सारखी.

त्यांनी पट्टीने दोन्हींतली अंतरं पुन्हा एकदा मोजली. मग म्हणाले, "हाई त् अवघड शे, मॅडम." त्यांच्या तोंडून याच्याइतकी दाद मी कोणाला मिळालेली ऐकली नव्हती.

पुढे ते हट्टालाच पेटले. कोर्टाची कामं बाजूला ठेवून त्यांनी ती पानं पुन्हा केली, आणि एखादा शब्द केसभर जरी सरकला तर पान फाडून टाकायचे. मी म्हणायची, चालेल हो. ते म्हणायचे, "चालाव नही." प्रबंध वेळेवर गेला. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सगळ्यात आधी टंकलेखनाचं कौतुक केलं, मग माझं. काही वर्षांनी देविदासभाऊंच्या मुलीची लग्नपत्रिका आली. वराचं नाव वरच्या कोपऱ्यात, वधूचं खालच्या कोपऱ्यात, आणि मधे सगळं कोरं. वरपक्षाने म्हणे लगोलग दुसरी साधी पत्रिका छापून घेतली. मी मात्र ती पहिली फ्रेम करून लावली आहे. देविदासभाऊ आता नाहीत. त्यांनी ती का तशी केली हे विचारायचं राहिलं, पण मला वाटतं, मला माहीत आहे.

डॉक्टरेट मिळाल्यावर मी एम.ए.ला ही कविता शिकवायला लागले. वर्गात निम्मी मुलं सपाटीवरची, घरी अहिराणी बोलणारी. निम्मी वर डोंगरातली, भिली, पावरी किंवा कोकणा आदिवासींची कोकणी बोलणारी. प्रमाण मराठी सगळ्यांनाच शाळेत भेटलेली. शिकवण्याची माझी पद्धत साधी होती. अर्थ विचारायचा नाही. पहिला प्रश्न एकच, पानावर काय आहे? शब्द कुठे आहेत, कुठे नाहीत, कोणाच्या तोंडचे आहेत. दोन-तीन जणांनी एकाच वेळी मोठ्याने वाचायचं. शेजारच्या वर्गातले कॉमर्सचे सर दार ढकलून विचारायचे, "भांडण चालू आहे का?" मी म्हणायची, "कविता चालू आहे."

त्या वर्गात रमिला होती. रमिला वसावे, मोलगीच्या वरच्या एका पाड्यावरची. मागच्या बाकावर बसायची, बोलायची नाही. शाळेत तिच्या मराठीला कोणीतरी हसलं होतं, ते ती घेऊन आली होती. एके दिवशी मी ती एस.टी.च्या पाटीची कविता फळ्यावर काढली. शब्द उजवीकडे, डावीकडे कोरं, तळाला 'थांबा'. मी समीक्षकांचं म्हणणं सांगितलं की ही कोरी जागा म्हणजे पोकळी, महानगरातल्या माणसाचं तुटलेपण. माझ्या प्रबंधातही मी तेच मांडलं होतं. मुलांनी लिहून घेतलं. रमिलाने लिहिलं नाही.

"काय झालं, रमिला?"

ती उभी राहिली. "मॅडम, बोलू?"

"बोल ना."

"आमच्याकडे जीप भरल्याशिवाय निघत नाही." वर्गात कोणी हसलं. ती थांबली, मग पुढे बोलली. "रिकामी जीप दिसली तर आम्हाला असं वाटत नाही की कोणी नाही. आम्हाला वाटतं, अजून माणसं यायचीत. ही जागा पण तशीच आहे. म्हणून खाली थांबा लिहिलंय. बसा, येतील."

मी वाद घातला. घालायलाच हवा होता. म्हटलं, हा कवी शहरातला, त्याने जीप पाहिली असेल की नाही कोण जाणे. ती म्हणाली, "त्याने नसेल पाहिली. पण पान तर मी बघतेय ना." मग वर्गच पेटला. शहाद्याचा एक मुलगा म्हणाला, जीप येतेय असं धरलं तर कविता आनंदी होते, आणि ही आनंदी नाही. रमिला म्हणाली, वाट बघणं आनंदी असतं असं कोण म्हणालं? तास संपल्याची घंटा कोणी ऐकली नाही. त्या दिवशी घरी जाताना मला वाटलं, हे आपण केलं. कविता माझी नव्हती, वाचनही माझं नव्हतं, पण ते दोन्ही ज्या खोलीत भेटले ती खोली मी उघडी ठेवली होती.

एम.ए. झाल्यावर रमिला आश्रमशाळेत शिकवायला लागली. बरीच वर्षं गेली. मग एक दिवस ती स्टाफरूममध्ये उभी. "मॅडम, पीएच.डी. करायचीय. तुमच्याकडे. त्याच कवितांवर."

विद्यापीठाच्या मान्यता समितीपुढे विषय गेला. समितीतल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी फार आपुलकीने विचारलं, "तुम्ही आदिवासी समाजातून आलात. तुमच्या होळीच्या गाण्यांवर का करत नाही? ते तुमच्याइतकं चांगलं कोण करणार?"

"माझी आई करेल," रमिला म्हणाली. "तिला माझ्यापेक्षा जास्त गाणी येतात, सर. मला ती गाणी कळतात. या कविता कळत नाहीत. मी जे कळत नाही त्याचा अभ्यास करायला आलेय."

पहिल्या खेपेला विषय परत आला, शेरा होता 'पुनर्विचार करावा'. माझ्या निवृत्तीला मोजकीच वर्षं उरलेली. आणखी उशीर झाला असता तर मला नवा विद्यार्थी घेता आला नसता, आणि या विषयाचा दुसरा मार्गदर्शक आमच्या विद्यापीठात नव्हता. रमिलाला मी म्हटलं, हवं तर शीर्षक थोडं बदलूया, लोकगीतांशी तुलना असं काहीतरी. ती म्हणाली, "तुम्ही बदललं होतं का?" मी शीर्षकाचा कागद तसाच फाइलीत ठेवला. दुसऱ्या खेपेला ती पुन्हा तोच विषय घेऊन उभी राहिली आणि समितीला तिने फळ्यावर एक कविता काढून दाखवली. तिथेही वाद झाला. वाद झाला म्हणजे काम झालं, हे मला अनुभवाने माहीत होतं. विषय मंजूर झाला.

त्या काळात मी एकदा मोलगीच्या बाजाराला गेले होते. तिथे रमिलाचे वडील भेटले, वेस्ताभाऊ. उंच, सडपातळ, कमी बोलणारे. मराठी समजायची, बोलायची म्हटलं तर अडायचे, म्हणून रमिला मधे सांगत होती.

"बाबा विचारतात, इतकी वर्षं शिकून पण मला कळत नाही असं मी म्हणते, मग शाळेत काही चूक झाली का?"

मी म्हटलं, "त्यांना सांग, चूक नाही. जे सगळ्यांना कळतं त्याला डॉक्टर लागत नाही."

हे ऐकून वेस्ताभाऊ मोठ्याने हसले, आणि मला चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही.

रमिलाची खुली तोंडी परीक्षा माझ्या निवृत्तीच्या अगदी तोंडावर झाली. खुली म्हणजे ज्याला यायचं त्याने येऊन बसावं, शेवटी प्रश्नही विचारावा. सभागृहात आश्रमशाळेतले शिक्षक होते, माझे जुने विद्यार्थी होते आणि पहिल्या रांगेत पांढरा स्वच्छ सदरा घालून वेस्ताभाऊ. पहाटे निघून, जीप आणि एस.टी. बदलत आलेले.

पुण्याहून आलेले परीक्षक अभ्यासू होते आणि कडक. त्यांनी चष्मा काढून विचारलं, "बाई, महानगरी तुटलेपणाच्या कवितेत तुम्ही तुमचा डोंगर वाचता. हे चुकीचं वाचन नाही का?"

मी मार्गदर्शक म्हणून शेजारी बसले होते. मला बोलायची परवानगी नव्हती. रमिला पाणी प्यायली.

"सर, कवीला काय म्हणायचं होतं ते मी सांगितलेलं नाही. पानावर काय आहे ते सांगितलं, आणि वाचणारी कुठून आली ते सांगितलं. मी कुठून आले ते लपवून वाचलं असतं, तर ते चुकीचं वाचन झालं असतं."

परीक्षकांनी चष्मा पुन्हा लावला, लिहून घेतलं आणि तिच्या तिसऱ्या प्रकरणावर आणखी तासभर तिला घासून काढलं. ती कुठे अडली, कुठे 'हे मला माहीत नाही' म्हणाली, पण मागे हटली नाही. माझ्या कारकिर्दीत मी पुष्कळ चांगली उत्तरं ऐकली. उभं राहून दिलेली इतकी चांगली उत्तरं क्वचित.

एक खंत सांगून टाकते. मी निवृत्त झाल्यावर माझी जागा भरली गेली नाही. एम.ए.चा या कवितेचा पेपर अभ्यासक्रमातून गेला. गोळा केलेले अंक कपाटात आहेत, त्यांचा कागद हात लावला की सुटतो. मी स्वतः आयुष्यात कवितेची एक ओळ लिहिली नाही, तेही कधीकधी टोचतं. पण कोणी विचारलं की या सगळ्याचं काय झालं, तर मी त्या सभागृहातला शेवटचा भाग सांगते.

प्रश्न संपल्यावर अध्यक्षांनी नियमाप्रमाणे विचारलं, "उपस्थितांपैकी कोणाला प्रश्न विचारायचा आहे?" सहसा कोणी विचारत नाही. वेस्ताभाऊ उठून उभे राहिले.

अध्यक्ष जरा गोंधळले. "फक्त प्रश्न असेल तर विचारावा," ते म्हणाले.

वेस्ताभाऊंनी सदरा खाली ओढला आणि भिलीत एक-दोन वाक्यं बोलले. सावकाश, सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असं. मग रमिलाकडे बघत उभेच राहिले.

"उमेदवारांनी कृपया भाषांतर करावं," अध्यक्ष म्हणाले.

सकाळपासून मागे न हटलेली रमिला आता टेबलाची कड धरून उभी राहिली. मग म्हणाली, "ते म्हणतात, मला प्रश्न नाही. ही माझी मुलगी आहे."

पुण्याच्या परीक्षकांनी मान खाली घालून कागद सारखे केले, आणि अध्यक्ष म्हणाले, "नोंद घेतली आहे."

पुढे विद्यापीठाकडून अहवालाची प्रत सहीसाठी माझ्याकडे आली. शेवटच्या परिच्छेदात कारकुनाने नेहमीच्या ठशातलं वाक्य लिहिलं होतं : 'उपस्थितांपैकी एका गृहस्थांनी प्रश्न विचारला. उमेदवाराने त्याचे समाधानकारक उत्तर दिले.'

मार्गदर्शकाच्या रकान्यात मी सही केली. एक अक्षरही दुरुस्त केलं नाही.